वाडी, कॅम्प, प्राधिकरण

"सध्या कुठे राहता?"

"प्राधिकरणात."

हे उत्तर लातूरच्या किंवा सांगलीच्या माणसाने ऐकलं, तर त्याला वाटतं की समोरच्याला सरकारी नोकरी लागली आणि राहायला क्वार्टर मिळालं. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. तिथे प्राधिकरण ही राहायची जागा आहे. रिक्षावाला "प्राधिकरण, प्राधिकरण" ओरडतो, घरांच्या जाहिरातींत "प्राधिकरणालगत" असं ठळक छापतात आणि लग्नाच्या बोलण्यात "मुलाचं प्राधिकरणात स्वतःचं घर आहे" एवढं सांगितलं की पुढचे दोन-तीन प्रश्न गळून पडतात.

हे प्राधिकरण म्हणजे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण. स्थापना १९७२ची. कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांना परवडणारी घरं आणि आखीव भूखंड द्यायचे, म्हणून शासनाने निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी या बाजूची जमीन संपादन केली आणि रुंद रस्ते, बागा, ओळीने बंगले अशी वस्ती उभी केली. शब्दही तसाच आखीव. शासनव्यवहार मराठीतून चालवायचा ठरल्यावर घडवलेल्या संस्कृतजन्य शब्दांच्या पिढीतला. अशा शब्दांची आपल्याकडे थट्टाच जास्त झाली, आणि त्यांतले पुष्कळसे कागदावर जन्मून कागदावरच वारले. या एका शब्दाला मात्र लोकांनी घरी नेलं. त्याचं कार्यालयीन काम काढून घेतलं आणि त्याला पत्ता केलं.

गंमत अशी, की असं करून लोकांनी शब्दाला त्याच्या मुळापाशी नेऊन सोडलं. संस्कृत व्याकरणात 'अधिकरण' हे एक कारक आहे. क्रिया जिथे घडते ते ठिकाण म्हणजे अधिकरण, आणि त्याची विभक्ती सप्तमी. मराठीत तिचे प्रत्यय आपण त, ई, आ असे शाळेत घोकलेले असतात. "प्राधिकरणात राहतो" म्हणणारा माणूस अधिकरणालाच अधिकरणाचा प्रत्यय लावत असतो. कार्यालय हा अर्थही जुनाच. 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्ताचा खटला ज्याच्यापुढे चालतो तो न्यायाधीश म्हणजे अधिकरणिक, आणि ते न्यायालय म्हणजे अधिकरण. न्यायाधिकरण हा आजचा शब्द त्याच घराण्यातला. म्हणजे ठिकाण आणि कचेरी हे दोन्ही अर्थ या शब्दात शेजारी-शेजारी राहत आलेले आहेत. निगडीकरांनी कचेरीचा गाळला आणि ठिकाणाचा ठेवला, इतकंच. २०२१मध्ये शासनाने हे प्राधिकरण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन केलं. कचेरी गेली. ठिकाणाच्या नावावर त्याचा ओरखडाही उठला नाही.

याच वसाहतीच्या कागदपत्रांत आणखी एक शब्द आहे. चंदीगडच्या किंवा नवी मुंबईच्या धर्तीवर जागेचे सेक्टर पाडले गेले, आणि सेक्टरला मराठी प्रतिशब्द ठरला 'पेठ'. पेठ क्रमांक २५, २६, २७. पुण्याच्या माणसाला हे वाचून जरा चुटपुट लागते. पेठ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे कसबा येते, शनिवार येते, बुधवारातली दुकानं येतात. दक्षिणेतल्या 'पेट्टै', 'पेटे' या शब्दांशी नातं सांगणारा हा शब्द बाजाराचा. जिथे खरेदी-विक्री चालते ती पेठ. प्राधिकरणातल्या पेठांत सुरुवातीला झाडं होती, बंगले होते आणि दुपारची झोप होती. बाजार तेवढा नव्हता. पुण्यातल्या पेठांना वारांची नावं मिळाली, इथल्यांना आकडे. प्रतिशब्द सुचवणाऱ्याची मात्र मला तारीफ करावीशी वाटते. 'विभाग', 'खंड' असं काही मिळमिळीत न शोधता त्याने शेजारच्या शहरातला जिवंत शब्द उचलला. लोकांनी तो घेतला नाही, ते सेक्टरच म्हणत राहिले. ज्या लोकांनी प्राधिकरण पचवलं त्यांनी पेठ का नाकारली, याचं उत्तर सोपं असावं. प्राधिकरणाला बोलण्यात दुसरा पर्याय नव्हता. पेठ या शब्दाची जागा मात्र पुण्याने आधीच अडवलेली होती.

पुण्याने आधीच अडवलेली जागा, हे या शहराचं एकूणच दुखणं.

पिंपरी-चिंचवडला 'नवं शहर' म्हणायची सवय आहे. नगरपालिका १९७०ची. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी एकत्र करून ती झाली, अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष. महापालिका १९८२ची. १९७१च्या जनगणनेत एक लाखाच्या आत असलेली वस्ती २०११मध्ये सतरा लाखांच्या वर गेली, तेव्हा शहर नवं हे खरंच. पण त्यातली नावं नवी नाहीत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७५८ सालच्या ताम्रपटात बोपखेल हे गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि दान दिलं की चतुःसीमा सांगाव्या लागतात. पूर्वेला कळस, दक्षिणेला मुईला नदी, पश्चिमेला दर्पपूडिका, उत्तरेला भेसौरी. मुईला म्हणजे मुळा. दर्पपूडिका म्हणजे दापोडी. भेसौरी म्हणजे भोसरी. साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या त्या तांब्याच्या पत्र्यावर आजची बसची पाटी वाचावी तशी ही गावं ओळीने उभी आहेत.

दापोडीचा प्रवास तर भाषाशास्त्राच्या पुस्तकात घालावा इतका सरळ. सर्पचा सप्प होतो आणि मग साप. कर्पूरचा कापूर होतो. तसाच दर्पचा दप्प आणि मग दाप. जोडाक्षर सुटं झालं की आधीचा स्वर लांबतो, हा मराठीचा जुना खाक्या. मधला 'पू' झिजला, शेवटचा 'का' गळला आणि दापोडी उरली.

भोसरीचं जरा निराळं. गावात विचाराल तर सांगतील, भोज राजाची ही नगरी, मूळ नाव भोजापूर. आपल्याकडे प्रत्येक गावाला एक राजा किंवा एक पांडव लागतोच. भोज नावाचे राजे पुष्कळ झाले. लोकांच्या मनातला भोज मात्र बहुधा धारचा, आणि तो अकराव्या शतकातला. ताम्रपटातली भेसौरी त्याच्याही जवळपास तीन शतकं आधीची. शिवाय भोजापूरपासून भोसरीपर्यंत यायचं तर 'ज'चा 'स' करावा लागतो आणि 'पूर'ला कुठेतरी बुडवावं लागतं. भेसौरीपासून भोसरीपर्यंत फक्त स्वर इकडचे तिकडे होतात. म्हणून मी ताम्रपटाच्या बाजूने. गावकऱ्यांशी मात्र वाद घालू नये. भोसरी हे कुस्तीचं गाव आहे. उत्तरेकडून आलेल्या नव्या माणसाला हे नाव मोठ्याने उच्चारताना जी चोरी होते ती वेगळीच. पहिले काही महिने तो 'नाशिक रोडच्या पुढे' असं काहीबाही सांगून वेळ मारून नेतो.

बाकीची जुनी नावं झाडांची. चिंचवड म्हणजे चिंचेची वाड. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. प्राकृतात त्याचा 'वाड' झाला आणि मराठीने त्यातून वाडी, वाडा असे जोडधंदे काढले. पिंपरी पिंपळाच्या गोत्रातली, पिंपळे तिची सख्खी शेजारीण. निगडी ही निर्गुंडीची मराठी लेक. सांधे धरले की जिचा पाला शेकायला आणतात ती झुडपी वनस्पती. चिखलीला झाडही मिळालं नाही, नुसता चिखल मिळाला. या नावांत देवाधर्माचा, विजयाचा, पराक्रमाचा मागमूस नाही. कुणी बसून ठेवलेली ही नावं नव्हेत. रस्ता सांगताना पडलेली आहेत. 'ती चिंच दिसते ना, तिथे.'

चिंचवडने मात्र महाराष्ट्राला एक शब्द दिला. मोरगावच्या मयूरेश्वराचे भक्त मोरया गोसावी इथे पवनेच्या काठी येऊन राहिले आणि इथेच त्यांनी समाधी घेतली. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरगावला पालखी जाते ती त्यांच्याच परंपरेतली. गणपतीपुढे घराघरांत, चाळीचाळींत 'मोरया' असा गजर होतो तेव्हा एका भक्ताचं नाव देवाच्या नावाला कायमचं चिकटलेलं असतं. गणपतीची आणखी कितीतरी नावं आहेत. त्यांतलं एकही इतक्या मोठ्याने कुणी ओरडत नाही.

झाडांनंतर आली आडनावं. पिंपरीचं महसुली नाव पिंपरी वाघेरे. वाघेरे हे गावचं घराणं. काळेवाडी, फुगेवाडी याही आडनावांच्याच. मेट्रोतून पहिल्यांदा जाणाऱ्या पोरांना फुगेवाडी स्थानकाचं नाव ऐकून हसू येतं, तिथे फुगे मिळत असतील असं वाटतं, पण फुगे हे आडनाव आहे आणि भोसरीच्या बाजूला त्या नावाची घरं पुष्कळ. कासारवाडीला कासारांचा धंदा आहे. पिंपळे एकूण तीन, म्हणून प्रत्येकाला शेपूट लावावं लागलं: पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. गुरव देवळातला आणि सौदागर फारसीतून आलेला, व्यापारी. देऊळ आणि दुकान असे दोघे एका नावाच्या गावांत नदीकाठी बसले. आता सौदागराच्या नावाला साजेसा भाव जमिनीला आला आहे, आणि बाहेरून आलेली मंडळी 'पिंपळे' हे इंग्रजी लिपीत वाचून तोंडावरच्या पुटकुळ्यांचा उच्चार करतात, त्याला इलाज नाही.

वस्ती या शब्दाचं नशीब मला सगळ्यांत चमत्कारिक वाटतं. गावाकडे वस्ती म्हणजे मळ्यातली घरं. गावठाणापासून दूर, आपल्या जमिनीत एकाच भावकीची चार-सहा छपरं. अमक्याची वस्ती म्हणजे त्याच्या आजोबांची विहीर, गोठा आणि बोरीचं झाड. शहरात हाच शब्द झोपडपट्टीला लावतात. पेपरमध्ये 'वस्तीत पाणी शिरलं' असं वाचलं की कोणत्या वस्तीत हे सांगावं लागत नाही. आणि वाकडची कस्पटे वस्ती पाहा. तिथे आज वीस-बावीस मजली इमारती आहेत, जलतरण तलाव आहेत, फाटकावर वर्दीतले सुरक्षारक्षक. तिथे राहणारा संगणक अभियंता ऑनलाइन जेवण मागवताना पत्त्यात 'वस्ती' लिहितो आणि त्याला ते खटकत नाही, कारण बहुधा तो हा शब्द ऐकतच नाही. त्याच्या लेखी ते निव्वळ एक नाव आहे. मळा गेला, भावकीच्या हाती फ्लॅट आले, शब्द जागच्या जागी उभा राहिला.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीजवळ पडली. ती पिंपरी कॅम्प. पुण्याच्या माणसाला कॅम्प म्हटलं की लष्कर आठवतं. महात्मा गांधी रस्ता, इराणी हॉटेलं, गोऱ्या साहेबांनी आखलेले कॅन्टोन्मेंटचे रस्ते. तिथला कॅम्प सैनिकांचा होता, सत्तेचा होता. पिंपरीचा कॅम्प सगळं मागे टाकून आलेल्यांचा. बराकींत संसार मांडून लोकांनी कापड, भांडी, मिठाई, विजेचं सामान विकायला सुरुवात केली आणि दोन पिढ्यांत बाजारपेठ उभी केली. आज आसपासच्या गावांतलं लग्न ठरलं की बस्ता कॅम्पातून. पेठ हा शब्द ज्या अर्थाने खरोखर शोभला असता ती पेठ सिंध्यांनी उभी केली, आणि तिचं नाव राहिलं कॅम्प. तात्पुरत्या मुक्कामाचा हा शब्द पाऊण शतक एका जागी बसून आहे. उठायची काही चिन्हं नाहीत.

मग कारखाने. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. सरकारी क्षेत्रातला हा पहिला औषध कारखाना. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. लोकांनी कारखान्याचं नाव कापून 'एच. ए.' केलं, वसाहत झाली एच. ए. कॉलनी. या एच. ए.च्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं एक नवं प्रतिजैविक शोधलं. त्याचं नाव ठेवलं हॅमायसिन. त्यातला 'हॅ' म्हणजे एच. ए. आणि ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळालं त्याचं लॅटिन धाटणीचं नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पिंपळावरून पिंपरी, पिंपरीवरून पिंप्रिना. शिवाजीनगरच्या पलीकडे ज्या गावाचं नाव पुण्यातही फारसं कुणी घेत नव्हतं, ते सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसलं. शहराच्या गौरवगीतांत 'उद्योगनगरी', 'कामगारनगरी' हे शब्द दर दोन ओळींनी येतात. पिंप्रिना येताना मी ऐकली नाही.

१९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि 'एमआयडीसी' हा शब्द मराठीत आला. त्याचा विस्तार काय, हे भोसरीतल्या दहा कामगारांपैकी नऊजण सांगणार नाहीत, आणि सांगायची गरजही नाही. एमआयडीसी म्हणजे जिथे काम मिळतं ती जागा. तिच्यापुढे ब्लॉक आले: डी ब्लॉक, जे ब्लॉक, टी ब्लॉक. अक्षरांचे पत्ते. त्या ब्लॉकांत छोटे कारखानदार ज्यात बसले त्याला म्हणतात गाळा. हा अस्सल मराठी घरबांधणीतला शब्द, दोन खांबांमधली मोकळी जागा. वाड्याच्या ओसरीत गाळे असत, मंडईत गाळे असत. लेथ मशीन आलं तेही गाळ्यातच बसलं. "भोसरीत स्वतःचा गाळा आहे" या वाक्यात एका फिटरने पंधरा-वीस वर्षांत केलेली चढण सगळी येते. कारखान्याच्या इतर शब्दांचं मात्र मराठीकरण झालं नाही. पाळी हा चांगला शब्द हाताशी असूनही फर्स्ट, सेकंड, नाईट हेच चालले. सुट्ट्या भागाला 'जॉब' म्हणतात, आणि ज्याला नोकरी म्हणायची तिला 'परमनंट' किंवा 'कॉन्ट्रॅक्ट'. ही दोन विशेषणं इतकी मोठी झाली की नाम गळून पडलं. "पोरगा परमनंट आहे का?" एवढाच प्रश्न. कशात, ते नंतर.

कंपन्यांनी चौकांची नावं घेतली. केएसबी चौक, थरमॅक्स चौक, टेल्को रोड. दुसऱ्या शहरांत चौकात पुतळा बसतो आणि नाव ठरतं. इथे चौकात पुतळा बसला तरी लोक कंपनीचंच नाव सांगतात. टेल्कोचं तर अधिकृत नाव २००३मध्ये बदललं आणि टाटा मोटर्स झालं. शहराने ते मनावर घेतलेलं नाही. टेल्कोत लागलेला माणूस टेल्कोतूनच निवृत्त होतो, मधल्या काळात कंपनीने नाव बदललं तर तो कंपनीचा प्रश्न. या कारखान्याची घडी बसवणारे सुमंत मुळगावकर. त्यांच्या नावातलं पहिलं 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं 'मो' जोडून पुढे गाडीचं नाव झालं सुमो. जपानी पैलवानाशी तिचा संबंध नाही, हे अजून पुष्कळांना सांगावं लागतं.

कारखान्यांमागे माणसं आली. सातारा-सांगली-सोलापूरकडची आधी, मग मराठवाड्यातली, खानदेशातली, विदर्भातली. केरळची, तमिळनाडूची, पुढे उत्तर प्रदेश-बिहारची. खानदेशी मंडळी इथे कानबाईचा उत्सव करतात, अहिराणीत गातात. छटपूजेला इंद्रायणीच्या घाटावर गर्दी होते. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. एकाच इंद्रायणीच्या काठाला देहू आणि आळंदी, आणि मध्ये मोशी-चिखली-तळवड्याचे गाळे. या सरमिसळीला 'मिनी भारत' म्हणायची एक वृत्तपत्री रीत आहे. मला ती आवडत नाही. भारताची लहान प्रत म्हटलं की प्रत्येकजण आपापल्या राज्याची पाटी घेऊन उभा असल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात शिफ्ट सुटल्यावर टपरीवर जी भाषा बोलली जाते तिच्यात मराठवाड्याचं 'लई', हिंदीचं 'अरे यार' आणि इंग्रजीतलं 'ओटी' एकाच घोटात जातात.

शहर वाढलं ते जमिनीवर, आणि जमिनीने बोलीत भर घातली. गुंठा हे जुनं माप. एकराचा चाळिसावा भाग, तेहेतीस फूट लांब आणि तेवढाच रुंद. शेतकऱ्याला गुंठा म्हणजे किरकोळ, बांधाच्या भांडणाचा विषय. शहर आलं आणि गुंठ्यागुंठ्याने जमीन विकायला लागल्यावर त्यातून एक नवा प्राणी जन्माला आला: गुंठामंत्री. गळ्यात साखळ्या, बोटांत अंगठ्या, पांढरी गाडी. शब्द टोचरा आहे आणि मजेशीर आहे. पण तो कुणी घडवला असेल याचा विचार केला की मजा कमी होते. जमीन गेली, पैसा आला, आणि पुढच्या पिढीने काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, अशा घरांवर हसायला हा शब्द भाड्याने राहणाऱ्यांनी वापरला. ज्यांची जमीन प्राधिकरणाने घेतली त्यांच्या बोलण्यात याच्या उलट बाजूचा शब्द सापडतो: साडेबारा टक्के. संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित जमीन परत मिळण्याचं ते प्रमाण. कशाचे साडेबारा, हे तिथे सांगावं लागत नाही. भाऊबंदांच्या बैठकीत, निवडणुकीच्या सभेत, कचेरीच्या जिन्यावर हा आकडा नामासारखा वापरला जातो.

गुंठ्यावर बांधलेली घरं बहुतेक विनापरवाना. त्यांच्यावर महापालिकेने कराच्या जोडीला दंड बसवला, त्याचं कागदोपत्री नाव शास्ती. हा शब्द महाराष्ट्रात इतरत्र वकील सोडून कुणाच्या तोंडी नसेल. पिंपरी-चिंचवडमध्ये तो दहा-बारा वर्षं भाजीवालीच्या तोंडी होता. "शास्ती माफ झालीच पाहिजे" अशी फ्लेक्सवर अक्षरं झळकत, आमदारकीच्या निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, आणि २०२३मध्ये शासनाने ती माफ केली. शास्ती, शासन, शास्त्र आणि शिष्य हे चौघेही संस्कृतातल्या 'शास्' या एकाच धातूचे. शिकवणं आणि शिक्षा करणं यांत त्या धातूने फार अंतर ठेवलं नव्हतं. नळजोड, वीजजोड आणि मतदार ओळखपत्र ज्या घरांना मिळालं होतं त्यांनाच पुढे बेकायदा ठरवून शास्ती लावली, तेव्हा शासनानेही फारसं अंतर ठेवलं नाही. आता माफीनंतर तो शब्द बोलण्यातून हळूहळू ओसरेल. रेड झोन एवढ्यात ओसरणार नाही. देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोभोवती बांधकामाला बंदी असलेला पट्टा तो. निगडी-तळवड्याकडे घर बघायला गेलं की दलाल किंमत सांगायच्या आधी "रेड झोनमध्ये नाही" असं सांगतो, आणि नेमका तेव्हाच माणसाला संशय येतो.

एवढं सगळं असून या शहराला पुष्कळ वर्षं 'पुण्याचं उपनगर' म्हणत आले. 'उप' या उपसर्गात दोन वृत्ती आहेत. एक जवळिकीची: उपवास म्हणजे देवाजवळ राहणं, उपनिषद म्हणजे गुरूजवळ बसणं. दुसरी खालच्या पायरीची: उपमहापौर, उपअभियंता. पुणेकर उपनगर म्हणतो तेव्हा त्याला दुसरी अभिप्रेत असते आणि विचारलं तर तो पहिली सांगतो. मग 'जुळी शहरं' असा सलोख्याचा शब्द निघाला. त्यातही एक जुळं साडेबाराशे वर्षांनी मोठं असल्याचा भाव असतो, ताम्रपट काही म्हणो. वेगळी महापालिका होती, २०१८मध्ये वेगळं पोलीस आयुक्तालयही झालं. तरी परगावी गेल्यावर इथला माणूस "पुण्याचा" म्हणूनच सांगतो. पुण्यात आल्यावर "चिंचवडचा". चिंचवडात आल्यावर "प्राधिकरणातला".

शहराला एकशब्दी नाव नाही, ही त्याची खरी अडचण आहे. पिंपरी म्हटलं की चिंचवड रुसतं, दोन्ही म्हटली की भोसरी. 'पिंपरी-चिंचवड' हे सहा-सात अक्षरांचं जोडनाव बोलण्यात जड जातं. म्हणून गेल्या काही वर्षांत नव्या रहिवाशांनी महापालिकेच्या इंग्रजी आद्याक्षरांनाच शहर केलं: पीसीएमसी. "पीसीएमसीत फ्लॅट घेतला", "पीसीएमसीत पाऊस आहे का?" मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं २०२२मध्ये उद्घाटन झालं त्यात स्थानकाचं नावही तेच. पुण्यात 'मनपा' हा बसथांबा आहे, पण शहराला कुणी मनपा म्हणत नाही. जुन्या लोकांना पीसीएमसी हे नाव कोरडं वाटतं. मला वाटतं, प्राधिकरणाचा कित्ता ते गिरवतं आहे. पुन्हा एकदा कचेरीचं नाव लोकांनी पत्त्यासाठी उचललं. याच मेट्रोने नाशिक फाट्याच्या स्थानकाला आधी भोसरी म्हणून टाकलं होतं, आणि भोसरीला जायला उतरलेली माणसं जिन्यावर उभी राहून भोसरी कुठे म्हणून विचारत होती. एवढ्या जुन्या नावाची जागा बदलायची तर ताम्रपट तरी हवा.

एका शब्दाबद्दल लिहायचं राहिलं, गाववाला. टेल्कोच्या गेटवर हा शब्द ऐकलात तर त्याचा अर्थ आपल्या गावाकडचा, एकाच तालुक्यातला, ज्याच्या खोलीवर पहिले पंधरा दिवस पथारी टाकता येते असा माणूस. तोच शब्द सोसायटीच्या सभेत ऐकलात तर अर्थ इथला मूळचा, जमिनीचा मालक, ज्याच्याशी वाकडं घेऊ नये असा माणूस. बोलणारा कोण आहे यावर अर्थ ठरतो आणि सहसा कुणाची गफलत होत नाही. गफलत व्हायला आता सुरुवात झाली आहे. थेरगावात जन्मलेल्या, चिंचवडच्या शाळेत शिकलेल्या, वडिलांच्या धाराशिवच्या गावी फक्त जत्रेला गेलेल्या मुलीला कॉलेजात कुणी "तू गाववाली का?" असं विचारलं, की ती विचारणाऱ्याकडे बघून आधी अंदाज घेते, आणि मग "हो" म्हणते.